मैत्री तुटली की गाडी सुटत नाही

मुंबई सेंट्रलहून रोज संध्याकाळी अमृतसरची मेल सुटते. १९९६ पासून तिचं नाव गोल्डन टेंपल मेल असलं, तरी जुन्या उतारूंच्या तोंडी ती अजून फ्रंटियरच आहे. १ सप्टेंबर १९२८ ला ती सुरू झाली तेव्हा दिल्ली, लाहोर, रावळपिंडी करत थेट पेशावरला जायची. पंजाब मेलही एके काळी पेशावरपर्यंत धावलेली. ती आता फिरोजपूरला थांबते. मुंबईच्या दोन नावाजलेल्या गाड्यांची पुढची वाट १९४७ साली परदेशात गेली, पण गाड्या मेल्या नाहीत. वाटेत चढणारे-उतरणारे भरपूर होते, आणि पेशावरला पोचण्याशी त्यातल्या बहुतेकांना कर्तव्य नव्हतं. जिथपर्यंत जाता येईल तिथपर्यंत गाडी जात राहिली.

नंतर दोन सरकारांनी ठरवून, करार करून, इंजिनाला झेंडूचे हार घालून सरहद्दीपार गाड्या सोडल्या. त्यांचं काय झालं ते पाहा. समझौता, मैत्री, बंधन, मिताली. नुसती नावं वाचली तरी लग्नपत्रिका हातात आल्यासारखं वाटतं. आपल्या बाकीच्या गाड्यांना नद्यांची, डोंगरांची, देवांची नावं चालतात: कोयना, सह्याद्री, सिद्धेश्वर, महालक्ष्मी. सरहद्द ओलांडायची म्हटलं की मात्र गाडीला एखादी भावना चिकटवावीच लागते. अपवाद एकच, राजस्थानातून सिंधमध्ये जाणारी थार एक्सप्रेस. तिला निदान वाळवंटाचं नाव मिळालं. वाचली तीही नाही.

या गाड्या उतारू मिळत नव्हते म्हणून थांबल्या नाहीत. त्या परराष्ट्र खात्यांनी एकमेकांना दिलेल्या पुष्पगुच्छासारख्या होत्या, आणि वेळापत्रकात गुच्छाला जागा नसते. रेल्वेनं त्या चालवल्या, पण आपल्या मानल्या नाहीत. हे खरं दुखणं आहे, आणि ते सरहद्दीपुरतं राहिलेलं नाही. त्याकडे पुढे येतोच.

आधी समझौता. १९७२ च्या सिमला करारानंतर दोन्ही देश हळूहळू बोलू लागले आणि २२ जुलै १९७६ ला अमृतसर–लाहोर गाडी सुरू झाली. सुरुवातीला रोज धावायची; १९९४ मध्ये आठवड्यातून दोन दिवसांवर आली. संसदेवरच्या हल्ल्यानंतर १ जानेवारी २००२ पासून बंद, १५ जानेवारी २००४ ला पुन्हा सुरू. १८ फेब्रुवारी २००७ च्या रात्री पानिपतजवळ दिवाना स्टेशनाच्या आसपास तिच्या डब्यांत स्फोट झाले. सत्तरच्या आसपास माणसं जळून गेली, त्यातली बहुतेक पाकिस्तानी. आणि तरी ती सेवा बंद झाली नाही. उरलेले डबे घेऊन गाडी अटारीकडे गेली आणि पुढच्या फेऱ्याही ठरल्याप्रमाणे सुटल्या. हे मुद्दाम सांगतो, कारण ‘सुरक्षेमुळे गाडी थांबवावी लागते’ हे वाक्य आपण फार सहज उच्चारतो. जिच्यात बॉम्ब फुटले ती गाडी चालू राहिली. तिला थांबवलं २०१९ च्या ऑगस्टमध्ये, काश्मीरच्या कलम ३७० वरून संबंध फिसकटले तेव्हा. आधी पाकिस्ताननं जाहीर केलं, मग भारतानंही आपल्या बाजूची गाडी रद्द केली. इतकं अचानक, की भारताचे काही डबे तिकडे वाघ्याला आणि पाकिस्तानचे इकडे अटारीला अडकून पडले.

बरं, गाडी थांबली म्हणून येणंजाणं थांबलं का? तर नाही. अटारी–वाघ्याचं फाटक पायी जाणाऱ्यांना त्यानंतरही उघडं होतं, ते थेट पहलगामच्या हल्ल्यानंतर २०२५ च्या एप्रिलमध्ये बंद झालं. म्हणजे मधली साडेपाच वर्षं, कोविडचा काळ सोडला तर, व्हिसा असलेला माणूस बॅगा ओढत चालत सरहद्द ओलांडू शकत होता, पण गाडीत बसून नाही. यात सुरक्षा कुठे वाढली, हे मला कुणी समजावून सांगावं. उलट आगगाडीसारखी तपासायला सोपी वाट दुसरी नसेल. कोण येणार त्यांची नावं आधी कळतात, सगळे एकाच वेळी एकाच फलाटावर उतरतात, रूळ सोडून गाडी कुठे वळत नाही.

थारची कथा जास्त बोचते, कारण तिच्या उतारूंना राजकारणाशी घेणं नव्हतं. मुनाबाव–खोकरापार हा मार्ग १९६५ च्या युद्धात तुटला तो १८ फेब्रुवारी २००६ पर्यंत तुटलेलाच राहिला. जवळपास ४१ वर्षं. सिंधमधल्या उमरकोट भागातले सोढा राजपूत आपल्याच कुळीत सोयरीक करत नाहीत, म्हणून त्यांच्या लेकी राजस्थानात येतात आणि तिकडच्या लेकी सिंधमध्ये जातात. त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा जोधपूरहून सुटणारी ती गाडी म्हणजे माहेरची वाट होती. २०१९ च्या ऑगस्टमध्ये तीही गेली. त्यानंतर, अटारीचं फाटक उघडं होतं तोवर, बाडमेरच्या माणसाला सरहद्दीपलीकडच्या दोन-चार तासांच्या गावी जायचं तर आधी वर पंजाबात अटारीपर्यंत जायचं, सरहद्द ओलांडायची, आणि मग लाहोरपासून परत खाली सिंधपर्यंत यायचं. डाव्या हातानं उजवा कान धरण्याचा प्रकार. मराठी माणसाला सिंध दूर वाटतो, पण १९३६ पर्यंत तो मुंबई इलाख्यातच होता, आणि कराचीतल्या एका जुन्या सरकारी शाळेला आजही नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याचं नाव आहे.

पाकिस्तानचं सोडा, तिथं युद्धं झाली आहेत, असं कुणी म्हणेल. मग बांगलादेश घेऊ.

१४ एप्रिल २००८, बंगाली नववर्षाचा दिवस. कोलकात्याच्या चितपूर भागातल्या स्टेशनातून ढाक्याला मैत्री एक्सप्रेस निघाली. १९६५ नंतर, म्हणजे ४३ वर्षांनी, दोन्ही बंगालांत पुन्हा उतारूंची गाडी धावली. पण कशी? पावणेचारशे किलोमीटरचा प्रवास, म्हणजे मुंबई–सोलापूरपेक्षाही कमी. भारताच्या हद्दीत गेदे स्टेशनावर सगळ्यांनी सामानासकट उतरायचं, रांगेत उभं राहायचं, पासपोर्ट, कस्टम, पुन्हा चढायचं. चार पावलांवर बांगलादेशातलं दर्शना. तिथं पुन्हा सगळ्यांनी उतरायचं, पुन्हा रांग, पुन्हा सामान उघडायचं. म्हातारी माणसं, आजारी माणसं, कडेवर पोरं. साधी अक्कल अशी की ही तपासणी सुटण्याच्या आणि पोचण्याच्या स्टेशनात करावी. ती अक्कल अमलात यायला साडेनऊ वर्षं लागली. २०१७ च्या नोव्हेंबरात चितपूरला आणि ढाका कँटोन्मेंटला तपासणी सुरू झाली आणि प्रवासाचे तास एकदम कमी झाले. नवा रूळ टाकावा लागला नाही की नवं इंजिन आणावं लागलं नाही. टेबल-खुर्च्या एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवल्या, एवढंच.

त्याच महिन्यात कोलकाता–खुलना बंधन एक्सप्रेस सुरू झाली. आठवड्यातून एकदा, गुरुवारी.

या गुरुवारवरून एक आठवण. बंधन सुरू झाल्यानंतर वर्ष-दीड वर्षानं मी हावड्याहून गीतांजलीनं मुंबईला येत होतो. समोरच्या बाकावर खुलन्याकडचं एक जोडपं होतं. नवऱ्याच्या गळ्याभोवती मफलर, मे महिन्यात. बायकोच्या मांडीवर प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात एक्स-रेचं पाकीट, कागदांची फाईल आणि फाईलच्या आत पासपोर्ट. टाटानगर येईपर्यंत तिनं ती पिशवी तीनदा उघडून सगळं जागेवर असल्याची खात्री केली. परळला निघाले होते, एवढं त्यांनी सांगितलं. परळ म्हटल्यावर पुढे विचारायचं नसतं. ते गुरुवारी निघून संध्याकाळी कोलकात्यात उतरले, रात्र एका लॉजवर काढली, शुक्रवारी दुपारी ही गाडी पकडली, शनिवारी रात्री मुंबई. परतीचं कसं, असं विचारलं तर ती बाई मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली, डॉक्टर मंगळवारी बोलावतात आणि गाडी गुरुवारी असते. तक्रारीचा सूर नव्हता. पाऊस जूनमध्ये येतो म्हणावं तसं म्हणाली.

त्या वाक्यात सगळं आहे. तिच्या लेखी खुलना ते परळ हा एकच प्रवास होता. रेल्वेच्या लेखी मात्र ते दोन होते. हावडा–मुंबईचं तिकीट मोबाईलवर निघत होतं; चितपूर–खुलन्याचं तिकीट मात्र पासपोर्ट-व्हिसा घेऊन कोलकात्यातल्या ठरावीक खिडकीवर जाऊनच काढायचं. एक गाडी रोजची, दुसरी आठवड्याची. एक चुकली तर दुसरीशी कुणाचा संबंध नाही. शिवाय व्हिसावर कुठल्या नाक्यानं ये-जा करणार ते लिहून घेतलेलं. गाडी गेली तर विमानानं जाऊ म्हणण्याची सोयही खिशावर अवलंबून. जोडगाडी मिळते की नाही हे पाहणं हे रेल्वेचं मूळ काम. फलाटावरचा साधा स्टेशनमास्तरही ‘पॅसेंजर आल्याशिवाय मेल सोडू नका’ एवढं बघायचा.

गीतांजली या गाडीबद्दल दोन शब्द, कारण ती आपल्या माणसानं सुरू केली. राजापूरचे खासदार मधु दंडवते रेल्वेमंत्री असताना, १९७७ च्या डिसेंबरात, ही मुंबई–हावडा गाडी निघाली. पहिल्या वर्गाचा डबाच नसलेली, सगळ्यांना एकाच वर्गाचं तिकीट. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर दोन इंचांचा फोम घालण्याचा निर्णयही दंडवत्यांचाच. फोमवर लोक हसले होते म्हणे. आज त्या फोमवर पाठ टेकली नाही असा माणूस देशात सापडायचा नाही. नाव रवींद्रनाथांच्या काव्यसंग्रहाचं असलं तरी दंडवत्यांनी ती गाडी बंगालवरच्या प्रेमापोटी सोडली नव्हती. मुंबई–कोलकाता मार्गावर साध्या माणसाला वेगवान गाडी हवी होती, ती दिली.

न्यू जलपाईगुडी–ढाका मिताली एक्सप्रेसचा जन्म याच्या नेमका उलट. तिचं उद्घाटन २७ मार्च २०२१ ला झालं, पंतप्रधान मोदी ढाक्यात होते म्हणून. तेव्हा कोविडमुळे मैत्री आणि बंधन वर्षभर बंद होत्या. नव्या गाडीला दूरस्थ पद्धतीनं झेंडा दाखवला आणि गाडी प्रत्यक्ष धावली १ जून २०२२ ला, चौदा महिन्यांनी. झेंड्याची तारीख दौऱ्यावरून ठरली. मग २०२४ चा जून: शेख हसीना दिल्लीत आल्या आणि राजशाही–कोलकाता अशी आणखी एक गाडी जाहीर झाली, शिवाय बांगलादेशातून भारतीय गाड्या पलीकडे नेण्याचाही समझोता. महिनाभरात ढाक्यात आंदोलन पेटलं, जुलैत होत्या त्या तिन्ही गाड्या थांबल्या, ऑगस्टमध्ये हसीना देश सोडून आल्या. नवी गाडी राहिलीच, जुन्याही पुढचं वर्षभर तरी हलल्या नाहीत. आगरतळा–अखौडा या सव्वाबारा किलोमीटरच्या जोडमार्गाचं उद्घाटन दोन्ही पंतप्रधानांनी १ नोव्हेंबर २०२३ ला केलं होतं. त्यावरूनही उतारूंची गाडी गेली नाही.

इथं मला लासलगाव आठवतं. २०२० च्या मे महिन्यात, टाळेबंदीत, बंगालच्या सरहद्दीवरचा पेट्रापोलचा रस्ता अडला म्हणून मध्य रेल्वेनं नाशिक जिल्ह्यातला कांदा मालगाड्यांत भरून बांगलादेशात पाठवायला सुरुवात केली. लासलगाव, निफाड, खेरवाडी अशा स्टेशनांच्या मालधक्क्यावर ट्रॅक्टर लागायचे, गोण्या वाघिणीत चढायच्या आणि गाडी गेदे ओलांडून दर्शनाला रिकामी व्हायची. एरवी ट्रकवाल्यांच्या हातात असलेला धंदा रेल्वेनं काही दिवसांत उभा केला. व्यापारी, बाजार समिती, रेल्वे, दोन्हीकडचं कस्टम सगळे जुळले, कारण कांदा सडतो आणि सडला की पैसे बुडतात. २०२४ मध्येही मालगाड्या थांबल्या, पण काही आठवड्यांत पुन्हा हलल्या. रूळ तेच, सिग्नल तेच, सरहद्द तीच, भांडणही तेच. कांद्यामागे व्यापारी असतो आणि तो दोन्ही राजधान्यांत फोन लावतो. एक्स-रेचं पाकीट घेऊन बसलेल्या बाईसाठी फोन कोण लावणार? तिच्या बाजूनं बोलण्याचं काम रेल्वेचं होतं. रेल्वेला ते आपलं वाटलं नाही.

आता युरोपकडे बोट दाखवायचा मोह होतो, आणि युरोपचं उदाहरण काढलं की वाचणारा म्हणतो, त्यांना व्हिसा लागत नाही, त्यांचं काय! मान्य. तरी ऑस्ट्रियाच्या सरकारी रेल्वेची दोन उदाहरणं पाहण्यासारखी आहेत, कारण त्यांचा व्हिसाशी संबंध नाही.

पहिलं असं. साल्झबर्गहून इन्सब्रुकला जायचं, दोन्ही शहरं ऑस्ट्रियातली. पण देशातल्या देशात जाणारा मार्ग डोंगरातून वळसे घेत जातो, म्हणून वेगवान गाड्या सरळ जर्मनीत शिरतात, रोझेनहाइमजवळून न थांबता जातात आणि परत ऑस्ट्रियात येतात. म्हणजे देशांतर्गत गाडीच परदेशातून जाते. हे वाचलं की मला फाळणीआधीची दार्जिलिंग मेल आठवते. ती कोलकात्याहून निघून रानाघाट, ईश्वरदी, सांताहार, पार्बतीपूर करत, आज जो बांगलादेश आहे त्यातून सिलिगुडीला जायची. १९४७ ला तो मार्ग परका झाला आणि आपण बिहारकडून वळसा घेतला. आगरतळ्याहून कोलकात्याला गाडीनं जाणारा माणूस आजही गुवाहाटीकडून सोळाशेच्या आसपास किलोमीटर फिरतो. मधून सरळ रेघ मारली तर त्याच्या तिसऱ्या हिश्श्याइतकीही भरत नाही. हे कायमचं आहे असं आपण धरून चाललो आहोत.

दुसरं उदाहरण पैशाचं. २०१६ च्या डिसेंबरात जर्मन रेल्वेनं आपल्या झोपून जाण्याच्या गाड्या तोट्याच्या म्हणून बंद केल्या. ऑस्ट्रियाच्या रेल्वेनं त्यांतल्या बऱ्याचशा मार्गांसह डबेही विकत घेतले आणि नाइटजेट नावानं त्या चालवायला घेतल्या. छोट्या देशाला हे कसं परवडलं? एक तर त्यांच्या लांब पल्ल्याच्या उत्पन्नात रात्रीच्या गाड्यांचा वाटा आधीच मोठा होता. शिवाय तिथं सरकार आणि रेल्वे यांच्यात लेखी करार असतो: अमुक मार्गावर इतक्या फेऱ्या चालवा, त्यातल्या तोट्याचे इतके पैसे आम्ही देऊ. व्हिएन्ना–साल्झबर्गसारखा कमाईचा मार्ग त्यात येत नाही. तिथं २०११ पासून एका खासगी कंपनीशी चढाओढ आहे. कुठली गाडी धंदा म्हणून आणि कुठली गाडी सेवा म्हणून, हे कागदावर असतं. मंत्री बदलला म्हणून सेवा उद्या सकाळी बंद होत नाही, कारण करार मोडायला पैसे पडतात.

युरोपातही गाड्या थांबतात, हे लपवायचं कारण नाही. २०१५ मध्ये निर्वासितांचे लोंढे आले तेव्हा साल्झबर्ग–म्युनिक गाड्या काही आठवडे बंद ठेवल्या होत्या. जर्मनीची सरहद्दीवरची तपासणी नंतरही राहिली, पण गाड्या मात्र पुन्हा सुरू झाल्या. आपल्याकडे थांबवण्याचा आदेश निघतो, त्यात पुन्हा विचार कधी करायचा त्याची तारीखच नसते. मग ती गाडी कुणी बंद केली हे सगळ्यांना माहीत असतं, सुरू कुणी करायची हे कुणालाच नाही.

आपल्या तिकिटावर काही वर्षं एक ओळ छापून येत होती: भारतीय रेल्वे प्रवासखर्चाच्या सरासरी फक्त ५७ टक्के रक्कम वसूल करते. मला ती ओळ कायम खटकली. दुकानदारानं बिलावर ‘तुम्हाला फुकट पोसतोय’ लिहावं तशी. मालभाड्यातून उतारूंचा तोटा भरला जातो हे खरंच आहे. पण ही सूट कुठल्या गाडीला, कुणाच्या सांगण्यावरून, किती, हे त्या ओळीत नसतं. सगळा तोटा एका पोत्यात. पोतं एकच असलं की कुठल्या गाडीला कात्री लावायची हे सोयीनं ठरवता येतं.

आणि कात्री कुठे लागते ते मुंबईकराला आणि कोकणी माणसाला सांगायला नको. कोविडआधी रत्नागिरी पॅसेंजर दादरहून सुटायची. कोविडनंतर ती दिव्यावर आणून ठेवली. दुपारी दिव्याला जाऊन बघा. लोकलमधून माणसं उतरतात, एका खांद्यावर बॅग, दुसऱ्या हातात नारळाची नाहीतर खाऊची पिशवी, जिन्यावर चढण, पुलावर रेटारेटी, पुन्हा उतरण, आणि मग त्या गाडीत खिडकी मिळवायची धडपड. पेण, रोहा, वीर करत लहान स्टेशनांवर थांबणारी गाडी ती. तिच्यातला माणूस वंदे भारतमध्ये बसत नाही, कारण वंदे भारत त्याच्या स्टेशनावर थांबत नाही. प्रवासी संघटना दादरची मागणी वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. सह्याद्री एक्सप्रेसचंही तसंच: कोविडात मुंबई–कोल्हापूर बंद झाली, परत आली ती पुणे–कोल्हापूर एवढीच. पॅसेंजर गाड्यांना ‘एक्सप्रेस स्पेशल’ म्हणून कमीत कमी भाडं १० चं ३० केलं, ते पुन्हा १० वर यायला २०२४ चा फेब्रुवारी उजाडला. ती निवडणुकीच्या आधीची वेळ होती, हा योगायोग समजू.

गणपतीचंच बघा. दरवर्षी कोकणात जादा गाड्या सोडतात आणि त्यांची संख्या वर्तमानपत्रात कौतुकानं छापून येते. २६ जानेवारी १९९८ ला कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली, तेव्हापासून गणपती दरवर्षी येतात, तिथीही पंचांगात आधीच असते. इतकी ठाऊक असलेली गर्दी दरवर्षी ‘विशेष’ कशी ठरते? कारण विशेष गाडी ही भेट असते. भेटीचं श्रेय घेता येतं, नियमित गाडीचा हिशेब द्यावा लागतो. मैत्री एक्सप्रेस आणि गणपती स्पेशल या माझ्या मते सख्ख्या बहिणी आहेत.

सरहद्दीपारच्या गाडीला या सगळ्यापेक्षा वेगळं काही नको आहे, असं म्हटलं की हमखास ऐकायला मिळतं: व्हिसा हा रेल्वेचा विषय नाही, परराष्ट्र धोरण रेल्वे ठरवत नाही. नाहीच ठरवत. पण विमानांचं पाहा. २०२४ च्या जुलै-ऑगस्टनंतर कोलकाता–ढाका विमानं कमी झाली, तरी उडत राहिली. परराष्ट्र धोरण दोघांना एकच होतं. विमान कंपनीनं उडण्याचा हक्क आपला मानला आणि तो सोडला नाही. रेल्वेनं गाडी आपली मानली नव्हती, म्हणून सोडताना तिला काही गमावल्यासारखंही वाटलं नाही. परिणामी विमानाचे पैसे असणाऱ्यांचं नातं टिकलं आणि बाकीच्यांना दलालाच्या बसनं पेट्रापोलपर्यंत धक्के खावे लागले.

नेपाळचा अनुभव या वादात उपयोगी आहे. बिहारमधल्या जयनगरहून जनकपूरला १९३७ पासून छोटी गाडी होती. रूळ रुंद करायचे म्हणून २०१४ मध्ये ती थांबली. मग आपल्या कोकण रेल्वेनं नेपाळला दोन डिझेल गाड्या दिल्या. त्या २०२० च्या सप्टेंबरात तिकडे पोचल्या आणि दीड वर्ष नुसत्या उभ्या राहिल्या, कारण चालवायला कायदा नव्हता आणि माणसंही नव्हती. शेवटी माणसंही कोकण रेल्वेकडूनच घेतली आणि २ एप्रिल २०२२ ला जयनगर–कुर्था ३५ किलोमीटर गाडी सुरू झाली. पुढच्या वर्षी बिजलपुरापर्यंत वाढली. इथं व्हिसा लागत नाही, ओळखपत्र पुरतं, आणि भारत-नेपाळखेरीज तिसऱ्या देशाच्या माणसाला ती बंद आहे. या काळात दिल्ली आणि काठमांडू यांच्यात नकाशावरून, सरहद्दीवरून कुरबुरी कमी झाल्या का? मुळीच नाही. पण जनकपूरच्या गाडीवर त्यांचा राग निघाला नाही. तिच्या नावात मैत्री नाही, हे एक कारण असेल. लग्नाला, दवाखान्याला, बाजाराला जाणारी माणसं तिच्यात बसतात आणि ती दोन्हीकडच्यांना आपली लोकल वाटते, हे मोठं कारण.

म्हणून उद्या ढाक्याशी बोलणी होतील तेव्हा रेल्वेनं पुन्हा हार-तुऱ्यांच्या तयारीला लागू नये. आधी कागद करावा: आठवड्याला किमान इतक्या फेऱ्या, थांबवायच्या तर इतक्या दिवसांची सूचना, आणि थांबवल्यावर ठरलेल्या तारखेला दोन्ही रेल्वेंच्या अधिकाऱ्यांची बैठक, तेव्हा संबंध गोड असोत की कडू. तिकीट इतर तिकिटांसारखं मोबाईलवर, पुढच्या गाडीशी जोडून. तोटा आला तर तो कुणी भरायचा हेही त्याच कागदावर. चितपूर आणि ढाका कँटोन्मेंटची तपासणीची सोय कधीच झालेली आहे, रूळ कांदा वाहून तपासलेले आहेत. नाव हवं ते ठेवा, नाही ठेवलं तरी चालेल. खुलन्याची पहिली गाडी गुरुवारी सोडा, दुसरी मात्र मंगळवार धरून लावा.